होडीचं हाड

कुमुदिनीबाईंनी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि तेवढ्या वर्षांत हाडांवरून त्यांनी किती पोरांना पिडलं असेल त्याची गणतीच नाही. खांदा म्हणजे उखळीचा सांधा, कोपर म्हणजे बिजागरीचा, हे त्यांच्या वर्गातला मठ्ठातला मठ्ठ पोरगाही झोपेत सांगायचा. निवृत्तीनंतर तीन महिन्यांसाठी हार्लेमला मुलाकडे आल्या तरी खोड काही गेली नाही. बसमध्ये कुणी म्हातारा लंगडत चढला की ह्या सुनेच्या कानाशी लागायच्या, "खुबा गेलाय ह्याचा. स्वतः गुडघा चोळतोय बघ, पण दुखणं खुब्याचं आहे."

"आई, हळू बोला," रूपाली म्हणायची.

"मराठी कोण समजतंय इथे?"

"निम्मी बस पुण्याची आहे."

सासू-सुनेचं तसं छान जमायचं. रूपाली मेकॅनिकल इंजिनियर. नवऱ्याच्या, म्हणजे अभिजितच्या मागोमाग इथे आली आणि चार वर्षं डच शिकत, अर्ज करत, नकार वाचत घरात बसली. शेवटी खेरिट नावाच्या माणसाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तिला काम मिळालं, येत्या सोमवारपासून. अभिजितचं तोंड जरा वाकडं झालं होतं. इंजिनियर बायको पंक्चर काढणार म्हणजे काय! "काढणार," रूपालीने सांगितलं, "आणि गिअरही बसवणार." त्या दिवसापासून ती घरात गुणगुणत फिरायची. चार वर्षांत तिला कुणी असं गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणि नेमकी त्यातच ती पडली. कालव्यावरच्या पुलावरून उतरताना सायकलचं चाक ओल्या पानांवरून सटकलं आणि रूपाली उजव्या तळहातावर आपटली. हॉस्पिटलात एक्स-रे काढला, काही मोडलेलं दिसलं नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं आणि दहा दिवसांनी दुखत असेल तर पुन्हा दाखवा म्हणाले. मुंडकं कापून हातात घेऊन गेलं तरी इथे पॅरासिटामॉलच देतात, असं अभिजितचं ठाम मत होतं. सूज उतरली, रूपाली म्हणाली बरं आहे, आणि विषय मिटला.

म्हणजे बुधवारपर्यंत मिटला होता. बुधवारी सकाळी कुमुदिनीबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि रूपाली रविवारी जेवायला कोण कोण येणार ते मोजत होती. मोजायची कशी? आपण सगळे मोजतो तशीच, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत. इथली माणसं मूठ उघडून एकेक बोट वर काढतात आणि पाचावर अडतात, आपण एका हातावर बारापर्यंत जातो. कुमुदिनीबाईंना ह्या गोष्टीचा फार अभिमान. पण आज त्यांचा मटार सोलणारा हात थांबला.

"डाव्या हाताने का मोजतेस गं?"

"अशीच."

"अशीच कशी? तू उजवी आहेस. आण बघू तो हात. करंगळीच्या मुळाशी अंगठा टेकव."

रूपालीचा अंगठा अनामिकेपर्यंत गेला आणि अडला. कुमुदिनीबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. त्यांचे डोळे असे चमकले की वर्गातली पोरं असती तर तिथेच सावध झाली असती.

"अंगठ्याच्या बुडाशी खोगिराचा सांधा असतो," त्या म्हणाल्या. "घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावं तसं एक हाड दुसऱ्यावर बसतं. म्हणून अंगठा पुढे येतो, मागे जातो, आडवा होतो, आणि म्हणून आपण सुई धरतो नि पाना धरतो. ते खोगीर ज्यांच्या आधारावर आहे ना, ती मनगटातली आठ बारकी हाडं. त्यातलं एक होडीच्या आकाराचं." बोलता बोलता त्यांनी तिचा अंगठा ताणला. त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मधे जो खळगा पडतो त्यात बोट दाबलं.

रूपाली एवढ्या मोठ्याने किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मोडलंय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "एक्स-रेत पहिल्या आठवड्यात चकवतं ते."

"आई, काही मोडलेलं नाही! सोमवारी मला कामावर जायचंय!"

आता खरी गोष्ट बाहेर आली. हात दुखतोय हे तिला रोज कळत होतं. पण प्लास्टर म्हणजे दोन-तीन महिने, आणि दोन-तीन महिने कुठला दुकानदार थांबतो? कुमुदिनीबाईंना हे दिसत होतं. पण त्या हाडाला रक्त उलट्या बाजूने येतं, अंगठ्याकडून आत. मधे चीर गेली की आतला तुकडा उपाशी राहतो, मरतो, आणि मनगट कायमचं जातं. तेही त्यांना दिसत होतं. त्या हटूनच बसल्या. शेवटी रूपाली डॉक्टरांकडे जायला तयार झाली, एका अटीवर: तिथे तोंड उघडायचं नाही.

"अजिबात नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

गुरुवारी डॉक्टरबाईंसमोर रूपालीने डचमध्ये काय सांगितलं ते त्यांना कळलं नाही, पण तिने हात हलवून दाखवला, हसली, आणि डॉक्टरबाईही हसून उठायला लागल्या. त्यावरून सगळं कळलं. कुमुदिनीबाईंचा धीर सुटला. फोनवर शिकलेले दोन डच शब्द त्यांच्याकडे होते. हाडाला बॉट, मोडक्याला कापोट. त्या उभ्याच राहिल्या.

"बोट कापोट!" त्या म्हणाल्या. "बोट! कापोट!"

डॉक्टरबाई चकित होऊन बघत राहिल्या. रूपालीने कपाळाला हात लावला, तोही डावा. "आई, बोट म्हणजे ह्यांच्यात होडी. हाड म्हणजे बॉट. तुम्ही सांगताय की होडी मोडलीय."

"अगं मग होडीच मोडलीय! होडीचंच हाड ते! सांग त्यांना!"

डॉक्टरबाईंनी रूपालीला विचारलं, काय म्हणतायत ह्या? काहीही सांगता आलं असतं. सासूबाईंना होडीतून फिरायचंय, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण रूपालीने खाली बघत खरं तेच सांगितलं.

डॉक्टरबाईंचं हसू गेलं. डचमध्येही त्या हाडाला होडीच म्हणतात की काय कोण जाणे, पण त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि त्याच खळग्यात अंगठा दाबला. रूपालीने ओठ चावला. डोळ्यांतून पाणी आलंच.

शुक्रवारी स्कॅन झाला. पडद्यावर ते काजूएवढं हाड मोठं होऊन आलं, आणि बरोब्बर कमरेत केसासारखी चीर. एकतीस वर्षं कुमुदिनीबाईंनी ते हाड कागदी तक्त्यावर छडीने दाखवलं होतं. जिवंत माणसातलं आज पहिल्यांदा पाहत होत्या. "बघ! बघ, मी म्हटलं नव्हतं? आणि रक्त इकडून येतं बघ," असं म्हणत त्या काचेवर बोट नाचवायला लागल्या.

"आई," रूपाली म्हणाली, "तुम्हाला आनंद झालाय."

कुमुदिनीबाईंचं बोट तिथेच राहिलं. झाला होता आनंद, नाही कसं म्हणणार? सून शेजारी रडत होती आणि ह्यांना चीर सापडल्याचा आनंद झाला होता. त्याच दुपारी रूपालीच्या हाताला प्लास्टर चढलं. रात्री जेवण कुणालाच गेलं नाही.

शनिवारी रूपाली खेरिटला सांगायला निघाली तेव्हा कुमुदिनीबाईंनी चपला घातल्या. "मी येते. हे मी शोधून काढलंय, बोलणी मला खाऊ देत."

खेरिट साठीचा, उंच, ग्रीसने माखलेला माणूस. त्याने प्लास्टरकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. रूपालीने मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. मधेच त्याने विचारलं, कुठलं हाड? तिने सांगितलं. त्याने हातातला पाना डाव्या हाताने खाली ठेवला आणि उजवा हात तिच्यासमोर धरून मनगट वाकवायला लागला. ते वाकेना. लाकडी दांड्यासारखं सरळच राहिलं. मग तो बराच वेळ बोलला, आणि शेवटी विचारलं असावं, की तुझं कुणी शोधलं? कारण रूपालीने सासूकडे बोट दाखवलं. त्यावर तो एकच वाक्य बोलला.

"काय म्हणाला?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. "काढून टाकलं ना तुला?"

"तो तेविसाव्या वर्षी असाच पडला होता," रूपाली म्हणाली. "मुरगळलंय समजून काम करत राहिला. आतलं हाड मेलं, शेवटी मनगट जाम करून टाकावं लागलं. बारीक गिअर त्याला जमत नाहीत, म्हणून माणूस हवा होता. प्लास्टर निघालं की ये, म्हणतोय. इतकी वर्षं एका हाताने काढली, अजून तीन महिने काढेन."

"आणि शेवटी काय म्हणाला?"

"म्हणाला, मला दाबून बघणारं कुणी नव्हतं."

कुमुदिनीबाई त्याच्या त्या ताठ मनगटाकडे बघत राहिल्या. तुझ्या काळजीपोटीच केलं गं सगळं, असं म्हणायला ही वेळ चांगली होती. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं.

"मला माझं बरोबर ठरवायचं होतं, रूपाली," त्या म्हणाल्या. "तुझा हात मागून आठवला. चुकलं माझं."

रूपालीने डोळे पुसले. "माझा हात तर मलाच आठवत नव्हता, नुसती नोकरी दिसत होती," ती म्हणाली, आणि चांगला हात सासूच्या हातात देऊन दुकानाबाहेर पडली.