जप्तीचं मशीन

“ते मशीन काढा भांडारातून आणि हॉलमधल्या तिसऱ्या टेबलावर मांडा,” रेक्टर मॅडम किल्ली पुढे करत म्हणाल्या. “पाहुण्यांना काहीतरी जिवंत दाखवायला हवं. नुसत्या तक्त्यांनी भागत नाही.”

मावशी जागच्या हलल्या नाहीत. मुलींच्या वसतिगृहात शिपाई म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. मॅडमनी अर्धं बोलावं आणि मावशींनी पूर्ण करून टाकावं, अशी सवय.

“चौदा नंबरच्या मुलीचं मशीन?”

“हो. पण त्याच्यावर नऊ नंबरची बसेल. ती बोलते छान. चौदा नंबरला कॉन्फिडन्सच नाही हो, चार माणसांत तोंड उघडत नाही.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा दिवसांपूर्वी याच मॅडमनी ते मशीन चौदा नंबरच्या खोलीतून त्यांना उचलायला लावलं होतं. हाताने चाक फिरवायचं साधं शिलाई मशीन. ती मुलगी त्यावर उसवलेल्या बाह्या शिवायची, पँटची उंची कमी करायची, चेन बदलून द्यायची आणि स्वतःचं शिक्षण स्वतः रेटायची. कुठलं काम कधी द्यायचं, चांगला दोरा कुठे मिळतो, कुणाला सरळ नाही म्हणायचं, सगळं त्या न बोलणाऱ्या पोरीला पाठ. पण वसतिगृहात धंद्याला मनाई! कागद झाला. मशीन जप्त, महिनाअखेर खोली खाली. साक्षीदार म्हणून मावशींनी मूग गिळून सही केली.

महिनाअखेर म्हणजे आज. आणि आजच विद्यापीठाचा उद्योजकता मेळावा. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला! मावशींनी किल्ली घेतली, जवळजवळ ओढूनच घेतली.

सभागृहात हजेरी सक्तीची होती, म्हणून चौदा नंबर शेवटच्या रांगेत पायाशी बॅग घेऊन बसली होती. व्यासपीठावर सुटातले वक्ते घसा ताणत होते, “परवानगीची वाट बघू नका! आहात तिथून सुरू करा! म्हणा, मी करू शकते!”

तीनशे मुलं म्हणाली. चौदा नंबरचे ओठ हलले नाहीत.

मावशी मशीन पोटाशी धरून आत आल्या. तिसऱ्या टेबलाशी नऊ नंबरची हसतमुख उभी होती. तिच्यासमोरून त्या तशाच पुढे गेल्या.

“अहो मावशी, टेबल इकडे!” मॅडम लगबगीने मागे धावल्या.

मावशींनी शेवटच्या रांगेशी जाऊन मशीन मुलीच्या पुढ्यात ठेवलं.

“घे. तुझं आहे.”

“जप्तीची वस्तू आहे ती!” मॅडम दातओठ खात पुटपुटल्या. पाहुण्यांसमोर ओरडायची चोरी होती.

“कागदावर लिहिलंय, वसतिगृह सोडताना परत देणे. सही माझी आहे, वाचून केलीय. ती आज सोडतेय. तुम्हीच सोडायला लावलंत.”

“उद्या ऑफिसात या. बघते तुमच्याकडे.”

“बघा की. मीच दहा दिवस उशीर केला.”

“मावशी, तुमची नोकरी...” मुलगी कुजबुजली.

“ती माझी मी बघेन. बॅग खांद्याला लाव. एका बाजूनं मी धरते.”

दार व्यासपीठाशेजारी होतं. दोघी मशीन धरून मधल्या वाटेने सगळ्या सभागृहादेखत निघाल्या. वक्त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे.

“हे बघा, स्वतःचं यंत्र घेऊन निघालेली तरुण उद्योजिका! याला म्हणतात आत्मविश्वास! टाळ्या!”

सभागृह दणाणलं. मॅडमनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

मुलगी थांबली. वक्त्यांकडे सरळ बघत, आवाज जराही न कापता म्हणाली, “सर, मला आज राहायला जागा नाही.”

वक्ते हसून आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. ती एवढं चार माणसांत पहिल्यांदा बोलली होती आणि एका मावशींखेरीज कुणालाही ऐकू गेलं नव्हतं.

मावशींनी खांद्याने दार ढकललं.

“आधी माझ्या घरी चल,” त्या म्हणाल्या. “पायरी आहे, जपून.”