दारातली ओल

संध्याकाळी मरोळच्या त्या सोसायटीत देवेश राऊळने बेल वाजवली की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. त्याची लेक प्रांजल टीव्हीचा आवाज कमी करायची आणि खजूर दारात मुतायचा.

खजूर म्हणजे त्यांचं तपकिरी पिल्लू, प्रांजलच्या वाढदिवसाला हौसेने आणलेलं. देवेश आत आला की ते पोट जमिनीला घासत पुढे यायचं, त्याच्या बुटांपाशी लोळण घ्यायचं आणि झालं, लादीवर तळं. दिवसभर कारखान्यात मशिनींशी आणि माणसांशी डोकं फोडून आलेल्या माणसाने घरातलं पहिलं पाऊल टाकायचं ते ह्यात. कुणाचंही टाळकं सरकेल, आणि देवेशचं तर मुळातच फारसं जागेवर नसायचं.

"बघितलंस रेवती? मुद्दाम करतो हा. दिवसभर धरून ठेवतो आणि मला बघून सोडतो."

रेवती फडकं घेऊन यायची. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा लादी पुसणं सोपं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

देवेशने गावी फोन लावला, तर कुडाळहून वडिलांनी सल्ला दिला, "नाक घास तेचा तेच्यात. आपसूक शिकतलो." राऊळांच्या गावची कुत्री अंगणात राहायची, उरलासुरला भात खायची. घरात वाढलेलं पिल्लू त्या घराण्यात कुणी पाहिलंही नव्हतं. पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं कोण म्हणतं? देवेशने मान धरून खजूरचं नाक लादीवर घासलं. मग वर्तमानपत्राची सुरळी करून चपलांच्या कपाटावर ठेवली, आणि ती खजूरच्या पाठीवर रोजच्या वापरात आली. खजूर काही शिकला नाही. पूर्वी तो देवेशला बघून मुतायचा, आता नुसता लिफ्टचा आवाज आला तरी मुतायला लागला.

गणपती जवळ आले. सगळं घर गावाला निघणार होतं आणि हे असलं ध्यान गणपतीच्या घरात आणायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. देवेशने तोडगा काढला. आरे कॉलनीत तबेले आहेत, दूध आहे, मोकळं रान आहे. आपल्यापेक्षा सुखात राहील तो तिथे! खरं म्हणजे त्याला खजूर नकोसा झाला होता, आणि नकोशा जिवाला हाकलताना आपण त्याचं भलंच करतोय असं स्वतःला पटवण्यात आपण माणसं फार पटाईत असतो. एका सकाळी त्याने खजूरला स्कूटरवर पुढे बसवून नेलं आणि एका तबेल्यापाशी सोडून दिलं. घरी सांगितलं, वसईला मित्राच्या वाडीत दिला. प्रांजल रडली, पण बाबांना तिने एक शब्द विचारला नाही.

गावाहून परतल्यावर शेजारच्या आयडा बॅप्टिस्ट जिन्यात भेटल्या. ही बिल्डिंग उभी राहायच्या आधीपासून मरोळ गावात राहणारी, कुत्र्यामांजरांच्या गोतावळ्यात म्हातारी झालेली बाई.

"देवेश, खजूर दिसत नाय रे कुठे?"

"दिला आंटी, वसईला. घराची वाट लावली होती त्याने. मला बघून मुद्दाम मुतायचा, रोज मार खाऊनही."

"रेवती बाहेरून आली की मुतायचा?"

"नाही."

"प्रांजल शाळेतून आली की?"

"नाही ना, तेच तर सांगतोय. फक्त माझ्यावर खुन्नस."

आयडाबाईंनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली. "खुन्नस नाय रे बाबा. भीती ती. पिल्लू मोठ्या कुत्र्यापुढे असंच करतं. खाली पडतं, पोट दाखवतं, मुततं. म्हणजे सांगतं, मी छोटा, तू मोठा, मला मारू नको. तू मारलंस, म्हणून त्याने अजून सांगितलं. तू अजून मारलंस. तो माफी मागत होता रे, आणि तू त्या माफीसाठीच त्याला मारत होतास."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"खाली बसायचं. वर उभं राहून डोळे नाय वटारायचे. दुसरीकडे बघायचं आणि त्याला येऊ द्यायचं. मला विचारायचं होतंस ना. गणपतीत मी ठेवला असता."

"आंटी, वसईला नाही दिला. आरेत सोडला."

आयडाबाईंनी खांद्याला धरून त्याला जिन्याकडे वळवलं. "घरात वाढलेलं पोर ते. त्याला उकिरडा तरी हुंगता येतो का? जा. आत्ता जा."

तबेल्यातल्या माणसाने देवेशला ओळखलं नाही, पण खजूरला तो चांगला ओळखत होता. त्या माणसाने टाकलेली भाकरी इतर कुत्र्यांनी खजूरला खाऊ दिली नव्हती. पिल्लू रस्त्याची कड सोडत नव्हतं, म्हणाला. स्कूटर दिसली की तिच्यामागे धावायचं. असंच धावताना काल टेम्पोखाली आलं.

गोठ्याच्या भिंतीला टेकून खजूर पडला होता. नुसती हाडं उरली होती आणि मागचे पाय निर्जीव पसरले होते. देवेश समोर येऊन उभा राहिला. खजूरने कान मागे पाडले, मान जमिनीला टेकवली, आणि त्याच्याखालची माती ओली झाली.

देवेश तिथेच शेणात खाली बसला. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. थोड्या वेळाने काहीतरी फरफटत आल्याचा आवाज आला आणि खजूरची हनुवटी त्याच्या मांडीवर टेकली. घरी आणल्यापासून तो पहिल्यांदाच न भेदरता देवेशपाशी आला होता. रिक्षात त्याला मांडीवर घेऊन देवेश दवाखान्याकडे निघाला, पण दवाखाना येण्याआधीच खजूर गेला. देवेश ढसाढसा रडला, आणि त्या रडण्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

घरी येऊन त्याने रेवतीला आणि प्रांजलला खरं काय ते सांगितलं. मग ती सुरळी फेकून द्यावी म्हणून चपलांच्या कपाटाकडे गेला आणि त्याने हात वर केला. कपाटाशेजारी उभ्या असलेल्या प्रांजलने खांदे आक्रसले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तिला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. पण बेल वाजली की टीव्हीचा आवाज का कमी होतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो लेकीसमोर लादीवर खाली बसला आणि वाट बघत राहिला. ती लगेच आली नाही.

वाचकहो, पिल्लू घरी आणणार असाल तर पट्टा आणि खाऊ आणण्याआधी त्याची भाषा समजून घ्या. तुमच्या पायाशी ओलं होणारं जनावर हट्टी नसतं, भेदरलेलं असतं. मार खाऊन कुणी शहाणं होत नाही, फक्त जास्त भितं. आणि ज्याला आपण घरात वाढवून बाहेर जगायला असमर्थ केलं, त्याला बाहेर सोडायचा अधिकार आपल्याला उरत नाही. देवेशला हे समजलं तेव्हा खजूर उरला नव्हता. तुमच्या दारात अजून कुणी तुमची वाट बघत असेल, तर आज घरात शिरल्यावर आधी खाली बसा.