नव्वद रुपयांची सूट

महंमद शिकलगार यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतली नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीपासून लेकीच्या लग्नातल्या मंडपापर्यंत, शेवटी "बरं, एवढं सोडा" म्हटल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं त्यांना वाटतच नसे. समोरच्यालाही वाटत नसे. म्हणून तर तो आधीच चार पैसे चढवून सांगे.

त्यामुळे बँकेतल्या संयोगिता मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला, तेव्हा नक्की चुकलं काय हे त्यांना कळेना.

काम साधं होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या गाळ्यात त्यांचं लेथ मशीन अठरा वर्षं फिरत होतं, तो गाळा मालक उदयसिंह विकायला निघाले होते. "तुमी जुने, म्हणून दसऱ्यापतुर थांबतो मिस्त्री. मग मार्बलवाल्याला देणार," असं त्यांनी सांगितलं होतं. साठवलेल्या पैशांत दहा लाखांच्या कर्जाची भर पडली तर गाळा आपला, नाहीतर लेथ रस्त्यावर.

"बाकी सगळं स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त ही एक ओळ. फ्रिजचं कर्ज, तडजोडीने बंद. उरलेली बाकी वसुली एजन्सीकडे. असं असेल तर फाइल पुढे जात नाही."

"फ्रिजचे सगळे हप्ते भरल्यात मी!"

भरले होतेच. सहा वर्षांपूर्वीचे बारा हप्ते. बारावा चार दिवस उशिरा गेला, त्याचा दंड पाचशे नव्वद. तो घ्यायला फायनान्स कंपनीचा नाथाजी नावाचा माणूस घरी आला होता. पाटणकडचा, फौजेतून निवृत्त. महंमदभाईंच्या बायकोने, आबेदाने, त्याला चहा-खारी दिली, महंमदभाईंनी पाचशेची नोट पुढे केली आणि म्हणाले, "बरं, एवढं सोडा." नाथाजीने नव्वद सोडले. ही हकीकत गल्लीत पुढे महिनाभर विजयगाथा म्हणून चालली.

"ती सूट होती," महंमदभाई म्हणाले.

"रिपोर्टात सूट नसते," मॅडम म्हणाल्या. "ऑनलाइन वाद नोंदवा."

वाद नोंदवायच्या पानावर कारणांची यादी होती. 'हे खाते माझे नाही', 'रक्कम चुकीची आहे', 'माझ्या नावाने फसवणूक झाली आहे'. 'घासाघीस केली होती' हे कारण नव्हतं. त्यांनी रक्कम चुकीची म्हणून नोंदवलं आणि तीस दिवस वाट पाहिली. एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं, की संबंधित संस्थेकडे विचारणा केली असता माहिती बरोबर असल्याचं त्यांनी कळवलं आहे.

"म्हंजे चोरी झाली व्हय, हे चोरालाच इचारलं," आबेदा म्हणाली.

संयोगिता मॅडमनी शेवटचा मार्ग सांगितला. एजन्सीकडे जायचं, ते म्हणतील ती पूर्ण रक्कम भरायची, पूर्ण भरल्याचं पत्र आणायचं. "आणि एक रुपयासुद्धा कमी करून घेऊ नका. कमी केला की पुन्हा तडजोड."

मॅडम हे महंमदभाईंकडे बघून बोलल्या नाहीत, आबेदाकडे बघून बोलल्या. म्हणून साताऱ्याच्या एसटीत दोन तिकिटं निघाली.

एजन्सीचं ऑफिस पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि टेबलामागे नाथाजीच बसला होता, आता एजन्सीच्या नोकरीत. केस पिकले होते, मिशी अजून फौजेतच होती.

"आवं महंमदभाई! फ्रिज काय म्हणतोय?"

"फ्रिज चालतोय. मीच बंद पडायला आलोय. तवा तुमी नव्वद सोडलं नव्हतं व्हय?"

"सोडलं की. पर फार्मात दोनच रकाने हुते. पूर्ण आन् तडजोड. पूर्ण तर नव्हतं, खोटं कसं लिवू?" असं म्हणून त्याने बाकी काढली. नव्वदाचे चार हजार आठशे सत्तर झाले होते. महंमदभाईंच्या दुसऱ्या कुठल्याच पैशाने आयुष्यात एवढी प्रगती केली नव्हती.

"घाबरू नगा," नाथाजी म्हणाला. "सणाची स्कीम हाय. बाराशे द्या, मोकळे व्हा."

महंमदभाईंच्या जिभेवर 'हजार करा' आलं. टेबलाखाली आबेदाची चप्पल त्यांच्या पायावर आली.

"पूर्ण घ्या," ते कण्हत म्हणाले.

"आँ?"

"चार हजार आठशे सत्तर."

"खुळं का काय तुमी? बरं, माझ्यावर आळ नको. दोन हजार द्या."

"न्हाई."

"तीन. जुनी वळख म्हणून."

"एक रुपया कमी देणार न्हाई!"

शेजारच्या टेबलांवरचे फोन थांबले. वसुलीच्या त्या ऑफिसात हे वाक्य असं कुणी उच्चारलं नव्हतं.

"आवं, पण हितं पूर्ण घ्यायची सोयच न्हाई," नाथाजी काकुळतीला आला. "पूर्ण भरायला हितं येतंय कोण? कॉम्प्युटर आपोआप सूट टाकतोय."

"मग काढा ती सूट."

पुण्याला फोन गेला. पुण्याने मुंबईला विचारलं. पाऊण तासाने 'विशेष बाब' म्हणून पूर्ण रक्कम घ्यायला मंजुरी आली. पत्रावर शिक्का मारताना नाथाजी म्हणाला, "वहिनी, चोवीस वर्षं फौजेत काढली, पर असा माणूस बघितला न्हाई."

पत्र जोडून दुसरा वाद नोंदवला. रिपोर्टातली ओळ बदलली, फाइल पुढे गेली, आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी नवरा-बायको उदयसिंहांच्या सोप्यात जाऊन बसले.

"साडेबारा लाख," उदयसिंह म्हणाले आणि लोडाला टेकले. हा आकडा कुणी द्यावा म्हणून सांगितलेला नव्हता. बोलायला सुरुवात म्हणून सांगितला होता.

"ठीक हाय," महंमदभाई म्हणाले.

उदयसिंह सरळ बसले. "ठीक हाय म्हंजे?"

"पूर्ण देतो."

उदयसिंहांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मिस्त्री, भाड्यात पन्नास रुपये वाढवायचे म्हटलं तर तुमी मला दोन-दोन तास बसवलंय. आज काय झालं? तिथनं मोठा रस्ता जाणार हाय का?"

"न्हाई वं."

"कंपनी येणार हाय? काय तरी तुमाला ठावं हाय. थांबा, मला चौकशी करू द्या. दसरा झाल्यावर बघू."

अठरा वर्षांचा गाळा महंमदभाईंच्या डोळ्यांदेखत चालला होता. आबेदाने पदर सावरला.

"दादा, साडेबारा कशाचं? भिंती सोन्याच्या हायत का? पावसात पत्रा गळतोय, संडासाला कडी न्हाई. दहा घ्या."

उदयसिंहांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "वहिनी, दहा म्हंजे चेष्टा झाली," ते खुशीत म्हणाले आणि आत ओरडले, "अगं, चहा टाका!"

दोन चहा आणि निघून जाण्याच्या एका सोंगानंतर सौदा सव्वा अकरा लाखांवर ठरला. बयाण्याचा कागद पुढे आला. महंमदभाईंनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

"मालक, ह्यात एक ओळ वाढवा."

"कसली?"

"किंमत पहिल्यापासनं सव्वा अकराच हुती म्हणून. तुमी सव्वा लाख सोडलं, हे कुठं दिसाय नको."