पाळकसाहेब सभागृहात होते

हौशीरामचा फोन आला तेव्हा सावळाराम भिंगारदिवे नागपूरच्या आमदार निवासातल्या खोलीत शर्टाची बटणं लावत होते.

"साहेब, आई गेली," हौशीराम म्हणाला. "पहाटं चहा मागितला, आन् चहा करून आणंस्तवर गेली."

सावळाराम पलंगावर टेकले. दौंड तालुक्यात खुटबावच्या पलीकडे जी वस्ती आहे, तिथली शेवंताबाई म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. हौशीरामचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा, लग्नही त्यांनीच लावलेलं.

"तुमी येताय ना?" हौशीरामने विचारलं. "तुमच्याच हातनं माती व्हावी असं ती सारखी म्हनायची. संध्याकाळपतूर थांबू आमी."

"कळवतो," सावळाराम म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की त्या पोराला धीराचा एक शब्दही आपण दिला नाही. पूर्वी असं झालं नसतं.

पूर्वी म्हणजे ते नुसते पाळक होते तेव्हा. शिरूरच्या घोडनदीकाठच्या लहानशा चर्चचे पाळक. रविवारी सकाळी शिरूरची उपासना उरकायची, मोटारसायकलला किक मारायची, दुपारी शिक्रापूरला कंपनीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोलीत प्रार्थना घ्यायची आणि दिवस कलता कलता खुटबावची वस्ती गाठायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एकदा शिक्रापुरात गावकरी आणि बाहेरचे कामगार यांच्यात पाण्यावरून जुंपली, तेव्हा हा माणूस दोन्ही बाजूंच्या मधोमध दिवसभर बसून राहिला होता. ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं. पुढे पक्षाला विधान परिषदेवर अल्पसंख्याकांतला एक माणूस पाठवायचा होता. दोन बडे इच्छुक एकमेकांचं नाव काही केल्या पुढे जाऊ देईनात, तेव्हा कुणालाच न खुपणारं तिसरं नाव म्हणून यांचं नाव निघालं. सावळारामांना आधी ती थट्टाच वाटली होती.

मंडळीने मात्र बँड लावला. एसटी डेपोसमोर फ्लेक्स लागला. त्यांची बायको रतनबाई, जिला सगळे पाळकबाई म्हणत, तिने एवढंच विचारलं होतं, "आणि रविवारी कोण?"

"येत जाईन की मी," ते म्हणाले होते.

पहिलं वर्ष आलेही. मग समित्या आल्या, दौरे आले, सत्कार आले. प्रभुभोजनाच्या विधीसाठी महिन्यातून एकदा नगरहून दुसरे पाळक येऊ लागले. बाकीचं आजारपण, बारसं, भांडण, रतनबाईने कधी उचललं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण त्या दिवशीचा पेच निराळा होता. शुक्रवार होता, आणि दुपारी सभागृहात सावळारामांचाच ठराव यायचा होता. ज्या वस्तीला मूठमाती द्यायला जागा नाही तिथे सरकारने जागा द्यावी, एवढाच तो ठराव. कुणाचा ठराव घ्यायचा त्या चिठ्ठीत त्यांचं नाव निघावं म्हणून त्यांनी अधिवेशनामागून अधिवेशनं वाट पाहिली होती. मांडणारा सदस्य हजर नसला, की ठराव गेलाच.

आणि तो ठराव सुचला होता शेवंताबाईमुळे. तिचा नवरा वारला तेव्हा वस्तीला जागा नव्हती. भर पावसात टेम्पोत घालून त्याला दौंडला न्यावं लागलं. चिखलात टेम्पो रुतला, पेटी एका अंगाला सरकली, आणि हौशीराम ती दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्यानंतर सावळाराम भेटायला गेले की म्हातारी एकच बोलायची. "पाळकसाहेब, मला टेम्पोत घालू नगा."

त्यांच्या मदतनिसाने चौकशी केली. पुण्याच्या दुपारच्या विमानात जागा होती. निघाले तर दिवस मावळायच्या आत वस्तीवर पोचता येणार होतं. सावळारामांनी बायकोला फोन लावला. वस्तीवर जायला ती शिरूरहून न्हावऱ्याच्या एसटीत बसली होती.

त्यांनी सगळं सांगितलं. ठराव, विमान, सगळं. "तिच्यासाठीच तर मांडतोय गं," ते म्हणाले.

मग रतनबाई म्हणाली, "तुम्ही थांबा तिकडं. मी बघते हिकडचं."

ते थांबले.

दुपारी सभागृहात तुरळक माणसं होती. शुक्रवार, त्यात गावाकडे जायची घाई. सावळाराम उभे राहिले. एरवी लिहून आणलेलं वाचणारा माणूस त्या दिवशी कागद न बघता बोलला. टेम्पो सांगितला, चिखल सांगितला, पेटीला धरून बसलेला मुलगा सांगितला. समोरच्या बाकावर मोबाइल बघत बसलेल्या एका सदस्याने मान वर केली आणि मग ती खाली घातली नाही. आज सकाळीच ती बाई गेली, हे मात्र सावळारामांनी सांगितलं नाही. तिचं मरण त्या कामासाठी वापरावं असं त्यांना वाटेना.

मंत्र्यांनी उत्तर दिलं. भावना रास्त आहे, शासन सकारात्मक आहे, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवू. सबब सन्माननीय सदस्यांनी ठराव मागे घ्यावा. रीतच तशी होती. सावळारामांनी एकवार आजूबाजूला पाहिलं आणि ठराव मागे घेतला. पुढचा विषय सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दौंड स्टेशनवर उतरले आणि तसेच वस्तीवर गेले. हौशीरामने पाणी आणून दिलं, घोंगडी अंथरली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि नेमका तोच सावळारामांना हवा होता. आईला कुठे नेलं, म्हणून त्यांनी विचारलं. हौशीराम म्हणाला, चला, दाखवतो.

तो त्यांना मुसलमानांच्या कब्रस्तानाकडे घेऊन गेला. फाटकाशी गनीभाई मुलाणी उभे होते. गावातले जुने बागायतदार, कब्रस्तानाची देखभाल तेच बघत. दोघांची चांगली ओळख होती. सलाम झाला. आत लिंबाच्या कडेला ओल्या मातीचा उंचवटा होता आणि त्यावर शेवंतीची फुलं होती.

काय घडलं ते गनीभाईंनी चालता चालता सांगितलं. पाळकबाई आल्या त्या थेट त्यांच्या दाराशी. घरात आल्या नाहीत, उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, म्हातारीला टेम्पोत जायचं नव्हतं, तुमच्यात कडेला जागा असली तर द्या. गनीभाई म्हणाले, मी एकटा कोण देणारा. पण शुक्रवार होता. नमाजाला सगळी जमात जमणारच होती. नमाज झाल्यावर त्यांनी उभं राहून विचारलं. दोघाचौघांनी कुरकुर केली, उद्या सगळेच मागतील म्हणाले. तेव्हा म्हातारे खुर्शिदचाचा उठले.

"त्ये म्हनले, जल्मभर आपल्या बांधाला बांध लावून ऱ्हायली ती," गनीभाई म्हणाले. "आता काय लांब जाऊन झोपंल व्हय? मंग कुनी बोललं न्हाई. पोरांनीच खड्डा घेतला."

"आणि प्रार्थना?"

"पाळकबाईंनी केली. गाणं बी म्हनल्या. आमी बी हुबे हुतो की सारे."

सावळाराम मातीशी उभे राहिले. आपण पण दोन शब्द म्हणावेत असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हौशीरामकडे पाहिलं. तो हात बांधून उभा होता, पण डोळे मिटले नव्हते. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. सावळारामांनी खाली वाकून मूठभर माती टाकली आणि मागे सरले.

घरी रतनबाई धुणं वाळत घालत होती. ठरावाचं काय झालं, तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. तिने ओला टॉवेल झटकला आणि म्हणाली, "बोलून तर झालं ना सगळ्यांसमोर. बसा, भाकरी टाकते."

मंत्र्यांचं आश्वासन अगदीच वाऱ्यावर गेलं नाही. सावळाराम मंत्रालयात खेटे घालत राहिले, आणि पुढच्या वर्षी वस्तीला ओढ्याकाठची जागा मिळाली. तारेचं कुंपण झालं, त्यांच्या नावाची पाटी लागली. तिथे पहिली माती दिली तीही पाळकबाईंनी. पाळकसाहेब सभागृहात होते.

मग मुदत संपली. पक्षाला पुन्हा त्यांची गरज वाटली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मुंबईहून दोन बॅगा आणि सत्कारात मिळालेल्या शालींचं गाठोडं घेऊन ते शिरूरला आले.

पहिल्याच रविवारी ते चर्चमध्ये गेले तर पुढे एक खुर्ची मांडून ठेवलेली. मंडळीच्या पंचांनी त्यांना गुच्छ दिला. माजी आमदारसाहेब आज आपल्यात आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावं, असं सांगितलं. ते काहीतरी बोलले. लोकांनी आदराने ऐकून घेतलं. नंतर रतनबाई प्रार्थनेला उभी राहिली. तिने एकेकाचं नाव घेतलं: कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाची माहेरी आलेली मुलगी. आणि त्या नावांबरोबर सतरंजीवर कुठे कुठे डोकी हलत गेली. सावळारामांना त्यांतली निम्मी नावं नवीन होती. त्यांच्या मनात आलं, हिच्या आवाजात एवढी ताकद कधी आली? ते हलकेच खुर्चीवरून उतरले आणि सतरंजीच्या टोकाला बसले.

उपासना सुटल्यावर ताईबाई नावाची एक म्हातारी रतनबाईपाशी आली. मार्केट यार्डात कांदे निवडायला जाणारी, एकटीच राहणारी. तिची बहीण घरात आजारी होती, आणि पाळकबाईंनी येऊन प्रार्थना करावी असं तिचं म्हणणं होतं. रतनबाईने आपल्या सुजलेल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"आज मला चालवत न्हाई ताईबाई," ती म्हणाली. "ह्यांना न्या."

ताईबाईने सावळारामांकडे पाहिलं, त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा रतनबाईकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "त्यांना टाइम हाय का?"

"आहे," सावळारामच म्हणाले.

त्यांनी रतनबाईच्या हातातलं पवित्र शास्त्राचं पुस्तक घेतलं. ताईबाई पुढे निघाली. शिरूरचा रविवारचा रस्ता, हातगाड्या, ट्रकचे हॉर्न. या गावातलं आपल्या मंडळीचं एकेक दार त्यांना एके काळी तोंडपाठ होतं. ताईबाई कोणत्या बोळात वळणार हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून गर्दीत चुकू नये यासाठी तिच्या हिरव्या लुगड्यावर नजर ठेवून ते तिच्या मागोमाग चालत राहिले.