दुखणं कायम करण्याबाबत

बुधवारी चार वाजता कलेक्टरीन विकली गेली. पण तसं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. प्रफुलही तसंच धरून चालतो. रोज सकाळी तो गोठ्यात पाण्याची बादली भरून ठेवतो. त्याच्यादेखत कावळे ते पाणी पितात आणि तो त्यांना काही म्हणत नाही.

कलेक्टरीन म्हणजे घोडी. प्रफुलचे वडील मुखरूभाऊ तिच्यावर आसपासच्या गावांतले नवरदेव बसवायचे. पोरगं कलेक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती आणि होणार नाही असा अंदाज होता. घरात निदान एक कलेक्टरीन असावी म्हणून त्यांनी ते नाव घोडीला देऊन टाकलं. अंदाज बरोबर निघाला. प्रफुल पोंभुर्ण्याच्या एका कार्यालयात कंत्राटी डाटा ऑपरेटर झाला आणि दरवर्षी 'कायम करण्यात यावे' असा अर्ज करू लागला. असे अकरा अर्ज झाले.

मग मुखरूभाऊ वारले, नवरदेव उघड्या जीपमधून यायला लागले आणि घोडी चोवीस वर्षांची झाली. एका रविवारी प्रफुलची आई, आशाबाई, म्हणाली, "खाते आन् उभी राह्यते. दुसरं काय काम हाये तिले? चामोर्शीचा दिनेश मांगून राह्यला. देऊन टाकू."

"मी तिच्यावर बसून हापिसात जाईन," प्रफुल म्हणाला. त्याची गाडी तशीही बंद होती.

"तू?"

"लहानपणी नाई बसत होतो का."

"लहानपणी तू मातीही खात होता." आशाबाईनं जरा विचार केला. "आठ दिवस बसून जाऊन दाखव. दाखवलं तर राहू दे तिले. एक दिवस चुकला का दिनेशले फोन."

सोमवारी तो निघाला. सात किलोमीटर. पहिल्या किलोमीटरला त्याला बाप आठवला. दुसऱ्याला आपण पंधरा वर्षांचे आहोत असं वाटलं. तिसऱ्याला आपण पस्तीस वर्षांचे आहोत हे कळलं. पुढचे चार किलोमीटर तेच कळत राहिलं. संध्याकाळी येताना उजळणी झाली.

दुखणं लगेच येत नाही. ते पहिली रात्र रजेवर असतं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर रुजू होतं. मंगळवारी पहाटे मांडीच्या आतल्या बाजूचे, वीस वर्षांत ज्यांची कोणी साधी विचारपूस केली नव्हती, असे स्नायू जागे झाले आणि सगळा मागचा हिशोब मागू लागले. खाली बसता येईना म्हणून त्यानं भात उभ्यानं खाल्ला. आशाबाईनं मोहाच्या बियांचं तेल कोमट करून त्याच्या मांड्यांना रगडलं.

"दुखते का?"

"नाई," प्रफुल म्हणाला. साऱ्या गोष्टीत तो एवढंच एक खोटं बोलला.

"मंग बस."

आईसमोर तो विहिरीच्या कठड्यावरून घोडीवर बसला. मारुतीच्या वळणापलीकडे, आई दिसेनाशी झाल्यावर, पोतं ओघळावं तसा खाली उतरला. पुढे दोघंही पायी. त्यातल्या त्यात घोडी सरळ चालत होती. शेताच्या धुऱ्यावरून वारलू नावाच्या शेतकऱ्यानं हटकलं, "काऊन गा प्रफुल, कोण कोणाले पोचवून राह्यलं?"

"ठरलं नाई अजून," प्रफुल म्हणाला.

कार्यालय वरच्या मजल्यावर, घोडी खाली लिंबाच्या झाडाला बांधलेली. प्रफुलनं संगणकाखाली दोन जाडजूड फायली ठेवल्या आणि उभ्यानं काम सुरू केलं. शिपाई पोचूभाऊनं त्याच्या पायांकडे बघूनच ओळखलं. "दुखणं बसल्यानं आलं ना? बसल्यानंच जाईन. तीन दिवस दात खाऊन बसा तिच्यावर, मंग मोकळं होते."

हे खरं होतं आणि प्रफुललाही ते माहीत होतं. त्यानं फक्त ते तीन दिवस पायी काढायचं ठरवलं.

बारा वाजता बाजूचा कंत्राटी उभा राहिला. मग त्याच्या मागचा. आंदोलन सुरू झालं आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं त्यांना वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कुठवर उभं राह्यचं, भाऊ?" एकानं हळूच विचारलं.

"उतरेपर्यंत," प्रफुल म्हणाला. त्यांना ते फार आवडलं.

साहेबांना आवडलं नाही. परवानगीशिवाय उभे राहिल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अशी नोटीस प्रफुलच्या हाती पडली. अकरा वर्षांत त्याच्या नावानं निघालेला तो पहिला कागद.

बुधवारीही तो तसाच वळणापलीकडे उतरला. शेजारची मनकर्णा ऑटोतून बाजाराला चालली होती, तिनं पाहिलं. परत आल्यावर आशाबाईला ती अगदी मनापासून म्हणाली, "तुमचा प्रफुल लय मायाळू हाये वं. म्हातारीवर वजन नाई टाकत. बिचारा पायी चालते."

आशाबाईनं फोन लावला.

चार वाजता खाली टेम्पोचा आवाज आला. प्रफुलनं खिडकीतून पाहिलं. दिनेशबरोबर आलेली आई लिंबाच्या झाडाला बांधलेली दोरी सोडत होती, कारण दिनेशच्या हातानं घोडी टेम्पोत चढत नव्हती. प्रफुल जिन्याकडे निघाला. पायऱ्या सोळा. चढताना मांड्या नुसत्या ओरडायच्या. उतरताना तर सोडूनच द्यायच्या. म्हणून दोन दिवस तो कठडा धरून उलटा उतरायचा. आताही तसाच उतरला. टेम्पो निघाला तेव्हा त्याच्यासमोर भिंत होती.

आशाबाई झाडाखाली उभी होती. हातात रिकामी दोरी.

"दोन दिवस थांबली असती," प्रफुल म्हणाला.

"दुखते म्हून सांगतलं असतं तर आठ दिवस थांबली असती. मी इचारलं होतं."

प्रफुलनं विचारलं, "काय करणार तो तिचं?"

"फोटोचा धंदा हाये त्याचा. लग्नाआधीचे. नवरा-नवरी तिच्या बाजूले उभे राह्यतात."

"बसत नाई कोणी?"

"कोणीच नाई. नुसतं बाजूले उभं राह्यचं."

तेवढं तर त्याला येत होतं.

शुक्रवारी तो खुर्चीत बसला. दुखलं नाही. त्याला बसलेलं बघून बाकी सहाही बसले. आंदोलन संपलं, काय मिळालं ते कोणी विचारलं नाही. प्रफुलनं जिन्यावर जाऊन पाहिलं. सरळ उतरता येत होतं. मग परत जागेवर येऊन त्यानं खुलासा टाइप केला:

"विषय: दुखणे कायम करण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी मंगळवार ते गुरुवार उभा होतो ते आंदोलन नसून मांड्या होत्या. सदर दुखणे मंगळवारी रुजू झाले असून आजपासून ते कामावर नियमित येत नाही. उजव्या मांडीत ते फक्त शेवटच्या पायरीला हजर असते. घोडी, वय चोवीस वर्षे, हिच्याकडून अर्जदाराकडे आता एवढेच शिल्लक आहे. तरी सदर दुखण्याची मुदत संपुष्टात न आणता त्यास आहे त्याच जागी, आहे त्याच वेदनेवर कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती."