न्हाणीघरात अडकलेला माणूस

लेकीने घसा साफ केला, पहिलं पान उजेडात धरलं आणि वाचायला सुरुवात केली. "कुलूपवालीला जिन्यातच कळलं, की आत अडकलेला माणूस गप्प बसणाऱ्यांतला नाही."

साहेब डोळे मिटून बसले होते. आपलं आत्मचरित्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाने डोळे मिटून, मान किंचित खाली घालून बसावं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी डोळे उघडले.

"पान चुकलं तुझं," ते म्हणाले. "पहिलं घे."

"पहिलंच आहे, बाबा. वर आकडा आहे."

"मग पुढे वाच. येईल."

काय यायचं होतं ते जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. इमारतीतले लोक त्यांना अजून साहेब म्हणत, कारण म्हणू नका असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शहराच्या नळांना पाणी कसं आलं हे एकदा जगाला कळलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. जगाने तशी मागणी केली नसली तरी विरोधही केला नव्हता. म्हणून गेलं वर्षभर रोज सकाळी चहानंतर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आपलं आयुष्य सांगत आणि समोर बसलेली बायको ते थेट टाइपरायटरवर उतरवून घेई. ती विमा कंपनीत स्टेनो होती. सगळी नोकरी वरिष्ठांची वाक्यं झेलण्यात गेलेली. घरात स्टेनो असताना लेखक न होणं साहेबांना उधळपट्टी वाटली असती.

आज त्यांना पंचाहत्तरावं लागलं, म्हणून पहिली काही पानं ऐकवायचा बेत होता. लेक आली होती, जावई आला होता आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, कुठेही चहा असला की येतात तसे, आले होते. बायको बिस्किटं आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. ती परत येईल तेव्हा वाचन रंगात आलेलं असावं आणि ती चकित व्हावी, म्हणून साहेबांनी स्वतःच कपाटातून फाइल काढून लेकीच्या हातात दिली होती. चकित होण्याचा कार्यक्रम आता सुरू झाला होता, फक्त तो साहेबांच्या वाट्याला आला होता.

लेक वाचत होती. कथेतली बाई कुलपं उघडून देण्याचा धंदा करणारी होती. एका घरी न्हाणीघराचं दार अडकलेलं आणि आत घरधनी. "'आधी डावीकडे फिरवा,' तो आतून म्हणाला. 'डावीकडे म्हणजे तुमच्या नव्हे, माझ्या. आणि घाई करू नका, घाईने मोठमोठ्या यंत्रणा बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.' कुलूपवाली म्हणाली, 'जरा वेळ थांबता का?' मग आवाज आला, 'थांबतो. पण मी थांबलो होतो याची कुठेतरी नोंद ठेवा.'"

जावयाच्या तोंडातला चहा बाहेर आला. त्याने तो रुमालाने अडवला आणि खोकला झाल्याचं दाखवायचा प्रयत्न केला. पण तोवर डॉक्टर हसले होते, सगळे दात दाखवून, जाहिरातीसारखे. मग लेक हसली. तिला पुढचं वाक्य वाचता येईना. "'थांबतो', म्हणे," ती डोळे पुसत म्हणाली. "बाबा, अगदी तुम्हीच."

साहेब हसले नाहीत. न्हाणीघरात अडकलेला माणूस कोण, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मोठमोठ्या यंत्रणांचं वाक्य तर त्यांचंच होतं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात बायको उभी होती. एका पायातली चप्पल काढलेली, दुसरीतला पाय तसाच, हातात बिस्किटांचा पुडा. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. हसणाऱ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती, जणू नळ सोडला आणि त्यातून भलतंच काही येतंय.

"आई, हे तू लिहिलंस?"

"टाइप केलं," बायको म्हणाली.

"पण सुचलं कुणाला?"

यावर तिने पुडा टेबलावर ठेवला आणि दुसरी चप्पल काढायला पुन्हा दाराशी गेली. तिला चप्पल काढायला इतका वेळ लागलेला साहेबांनी कधी पाहिला नव्हता.

मंडळी लवकर उठली. लेकीला पानं घरी न्यायची होती. आई म्हणाली, अजून झालेलं नाही, झालं की ने. जावयाने निघताना साहेबांचे हात हातात घेतले, माणसं सांत्वनाला घेतात तसे. डॉक्टरांनी मात्र उंबऱ्यावर थांबून बाईंना हळूच विचारलं, की तो निघतो का शेवटी बाहेर? बाई म्हणाल्या, अजून ठरलं नाही.

दार लागलं. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली आणि एकेक पान उलटत गेले. कुलूपवाली एका म्हाताऱ्याची पेटी उघडत होती. कुलूपवाली एका शाळेची तिजोरी उघडत होती आणि आत हेडमास्तरांचा डबा निघत होता. जलशुद्धीकरण केंद्र कुठेच नव्हतं. तीन टाक्यांची योजना, मंत्र्यांशी झालेली बाचाबाची, बदलीचा कट, कशाचाही पत्ता नव्हता. वर्षभर ते बोलले होते आणि पाण्याचा एक थेंबही कागदावर आला नव्हता.

"मी शेवटचं वाक्य वाच म्हणायचो," ते म्हणाले. "तू वाचून दाखवायचीस."

"कानात असायचं ते. शेवटचं वाक्य राहतंच कानात. नाहीतर नोकरीत टिकले नसते."

"म्हणजे कागदाकडे बघून खोटं?"

"खोटं काय त्यात? वाक्य तुमचंच होतं ना."

तेही खरं होतं. वाक्यं नीट आहेत म्हणून साहेबांनी कधी कागद हातात घेतला नव्हता. खात्यातही खालून आलेला मजकूर ते वाचत नसत, सही करत. सकाळचं काम संपलं की ते फाइल नुसती उचलून पाहायचे आणि बरंच झालं, असं म्हणून ठेवून द्यायचे.

बायको समोरच्या खुर्चीत बसली. मग तिने जे सांगितलं ते अपराध्यासारखं नव्हतं. एखाद्या दुखण्याचं सांगावं तसं होतं. पहिले चार दिवस तिने खरंच त्यांचंच उतरवलं होतं, ती पानं तिने वेगळी काढून ठेवली होती. पाचव्या दिवशी ते पाइपांच्या व्यासाबद्दल सांगत होते, आणि बघते तर बोटांनी 'कुलूपवाली' असा शब्द टाइप केलेला. नोकरीत सगळी वर्षं कानावर पडलेलं बोटांतून निघून जायचं, डोकं रिकामं बसून असायचं. म्हातारपणी त्या रिकाम्या बसलेल्याने एकदम बोटांचाच ताबा घेतला. तिने ते पान फाडायला काढलं, फाडवेना. वाटलं, आजच्यापुरतं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात दूध तापवताना एकटीच हसली आणि दूध उतू गेलं.

"मग माझं माझं बसून करून पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही फिरायला गेलात की. एक अक्षर येईना हो. समोर कुणी बोलत असल्याशिवाय बोटंच हलत नाहीत माझी. आयुष्यभराची खोड."

"म्हणून मी बोलायचं."

"तुमचंही टाइप करून देणारच होते. छापायच्या आधी. सगळं पाठ आहे मला."

साहेबांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो याचाही नव्हता. त्यांना आठवलं, की वर्षभर ते सांगत असताना ती मशीनवर वाकून मंद हसत असायची. कधी गाल लाल व्हायचे. कधी एखाद्या ओळीपाशी ती ओठ दाबून धरायची, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत धरायची तशी. गाळ उपसण्याच्या प्रकरणात इतकं हसण्यासारखं काय आहे, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नव्हता. आपली शैलीच तशी, असं ते धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले नाहीत. ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. आपल्या आवाजाचा असा वापर चालू देणाऱ्यांतले ते नव्हते. आतून कागद मशीनवर चढवल्याचा आवाज आला. मग काही नाही. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, शेवटी निविदासुद्धा वाचल्या. आतून एक कळ वाजली नाही. तिने हाकही मारली नाही, आणि ती मारणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. जन्मभर तिला कुणीतरी आत बोलावलं की ती जायची, बोलावण्याचं काम तिच्याकडे कधी नव्हतंच.

ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. दारातून पाहिलं. ती पाठ ताठ ठेवून बसली होती, बोटं कळांवर टेकवलेली, नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर. कालपर्यंतचे ते लाल गाल कुठे गेले होते कोण जाणे. एका रात्रीत ती पुन्हा कंपनीतून थकून आल्यासारखी दिसत होती.

साहेब पाणी न पिताच आत गेले. खुर्ची थोडी पुढे ओढली. सदऱ्याची कॉलर नीट केली.

"कुठे होतो आपण?"

"मोठी जलवाहिनी फुटली होती," ती लगेच म्हणाली. "तुम्ही सायकलवरून निघाला होता."

"हं. घ्या." ते सांगू लागले. सायकल, अंधार, रस्त्यावर गुडघाभर पाणी, झडपेचं चाक गंजलेलं, आणि कामगार म्हणताहेत, साहेब, नाही फिरणार. कळा वाजू लागल्या. आधी चाचपडत, मग भरभर. आवाज करायचा एवढंच आपलं काम, हे ठाऊक असूनही साहेबांनी तपशिलात काही कमी ठेवलं नाही. चाक कोणत्या बाजूला फिरवायचं यावर वाद झाला, तोही सांगितला. तिचे गाल हळूहळू वर येऊ लागले. मधेच तिने ओठ दाबले.

"मी दोन्ही हातांनी चाक धरलं," साहेब म्हणाले, "आणि डावीकडे..."

इथे त्यांना खोकल्याची उबळ आली, म्हणून ते थांबले. उबळ गेली आणि पुढचं वाक्य जिभेवर आलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कळा थांबलेल्या नाहीत. ओळ संपली, घंटी वाजली, तिने गाडा मागे सारला आणि पुढची ओळ सुरू झाली. खोलीत कुणीच बोलत नव्हतं आणि तिला ते कळलेलं नव्हतं.

साहेबांनी जिभेवरचं वाक्य गिळलं. पुन्हा खोकला येऊ पाहत होता, तोही दाबला. खुर्ची करकरू नये म्हणून ते टेकलेसुद्धा नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून ते तसेच बसून राहिले. आत अडकलेल्या माणसाने, बाहेर कुणीतरी कुलपाशी खटपट करतंय हे ऐकत बसावं, तसे. आणि या खेपेला त्यांनी एकही सूचना केली नाही.