पहिलीचा वर्ग

पुराचं पाणी ओसरलं, पण शाळेतला चिखल हटेना. शाळा आता महिनाभर उघडत नाही अशी आवई गावात उठली आणि पालक दाखले मागू लागले. मुख्याध्यापिका श्रुतीबाई आणि त्यांचे शिक्षक उपसून उपसून पार थकले होते.

“सगळीकडं थोडं थोडं केलं आणि कुठंच काय झालं न्हाय,” बुद्धभूषण सर पायरीवर बसत म्हणाले. “‘आता सगळं नीट होईल’ असं मात्र म्हणू नका बाई.”

तसं म्हणायला बाईंच्या अंगातही त्राण नव्हतं. “न्हाय म्हणत. बाकीचं सोडा. आज नुसता पहिलीचा वर्ग धुवायचा, आणि फळ्यावर उद्याची तारीख घालायची.”

संध्याकाळी हंबीरराव पहिलीतल्या नातीचा दाखला न्यायला आले. बाईंनी त्यांना सरळ पहिलीच्या वर्गापाशी नेलं. ओल्या फरशीकडं बघत हंबीररावांनी दारातच चपला काढल्या. फळ्यावरची तारीख वाचून ते जरा थांबले.

“धाडतो उद्या नातीला. पण नातू चौथीत हाय की, त्याचं काय?”

“चौथी परवा,” बाई म्हणाल्या.

“परवा म्हटलासा, म्हणजे आता सुटका न्हाय,” बुद्धभूषण सर पुटपुटले आणि कण्हत कण्हत बादली भरायला उठले.